सावलीचा हिशेब : उन्हाळी शिबिरातले खगोल संशोधन

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आकाशदर्शन शिबिरांत शनीची कडी, गुरूचे चंद्र आणि चंद्रावरची विवरे पाहून मुले हरखून जातात. हा आनंद मोलाचा आहे. मात्र पाहणे आणि शोधणे यांत अंतर आहे आणि ते केवळ मोठ्या दुर्बिणीने मिटत नाही. मुलीने स्वतः एखादी राशी मोजली, त्या मोजणीत किती चूक असू शकते ते सांगितले आणि दुसऱ्याला पडताळता येईल अशा रीतीने नोंदवून ठेवले, की संशोधन सुरू होते. ही कसोटी मान्य केली तर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, गोदावरीकाठचे शहागड अशा शिबिरासाठी उत्तम ठिकाण ठरते.

विद्यार्थ्यांच्या खगोल प्रकल्पांची जगभर नावाजलेली परंपरा म्हणजे अमेरिकेतला ‘समर सायन्स प्रोग्रॅम’. 1959 साली कॅलिफोर्नियातल्या थॅचर स्कूलमध्ये तो सुरू झाला. तिथे तिघा-तिघांचे गट एका लघुग्रहाची छायाचित्रे घेतात, ताऱ्यांच्या संदर्भाने त्याचे स्थान मोजतात आणि गाउसच्या पद्धतीने त्याची कक्षा काढतात. 1801 साली दिसेनासा झालेला सेरेस पुन्हा सापडला तो याच पद्धतीमुळे. आपल्याकडे पुण्याच्या ‘आयुका’ने शाळकरी मुलांना उन्हाळी सुट्टीत शास्त्रज्ञांसोबत काम करण्याची संधी दिली, तर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खगोलशास्त्र ऑलिंपियाडसाठी निवड शिबिरे घेते. ऑगस्ट 2025 मध्ये याच विषयाचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले. ही सारी कामे भक्कम आहेत, पण निवडक मुलांसाठी आणि मोठ्या शहरांत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सबंध वर्गाला करता येईल असा प्रकल्प कोणता, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही.

त्याचे उत्तर शहागडच्या भूगोलात आहे. गावाचा अक्षांश साधारण 19.35 अंश उत्तर. सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात या आकड्यापाशी येते. त्या दिवशी दुपारी बारा वाजून 23-24 मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. हा शून्य सावली दिवस नेमका उन्हाळी सुट्टीत पडतो. योगायोग इथेच संपत नाही. शहागडच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, त्याच रेखांशाच्या आसपास, सवाई जयसिंहाच्या वेधशाळेचे जयपूर आहे. तिथला अक्षांश 26.9 अंश, म्हणजे फरक साडेसात अंशांचा आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे 840 किलोमीटर. शहागडला सावली नाहीशी होते तेव्हा जयपूरला एक मीटर काठीची सावली सव्वातेरा सेंटीमीटर पडते. तिच्यावरून कोन काढायचा, 360 अंशांना त्या कोनाने भागायचे आणि अंतराने गुणायचे. पृथ्वीचा परीघ 40 हजार किलोमीटरच्या जवळ येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हाच प्रयोग केला तेव्हा त्याचा कोन 7.2 अंशांचा होता. शहागड-जयपूरचा कोन त्याच्या अगदी निकटचा आहे.

प्रयोगाचे खरे शिक्षण मात्र उत्तरानंतर सुरू होते. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे; त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक सुमारे नऊ मिलिमीटर धूसर असते. तिथे वाचन तीन मिलिमीटरने चुकले तर परिघात 900 किलोमीटरचा फरक पडतो. काठी एका अंशाने कलली तर चूक पाच हजार किलोमीटरच्या घरात जाते. म्हणून गवंड्याचा ओळंबा आणि जमिनीची पातळी पाहायची पाण्याची नळी ही इथली सर्वांत महत्त्वाची उपकरणे. कोणती चूक किती मोठी आणि ती कमी कशी करायची, हा विचार मुले स्वतःच्या आकड्यांवर करू लागली की प्रयोगवहीला अर्थ येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नाला संशोधन म्हणायचे कसे? पण नवख्याला ठाऊक असलेले उत्तरच हवे असते, कारण आपली पद्धत कुठे घसरली हे त्याशिवाय कळत नाही. शिवाय पडताळणी ही दुय्यम गोष्ट नाही. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ यांनी जुन्या ग्रंथांतली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिली आणि 1520 च्या सुमारास गणेश दैवज्ञांनी रचलेला ‘ग्रहलाघव’ पुढे शतकानुशतके पंचांगकर्त्यांनी वापरला. शहागडहून गोदावरी पुढे वाहत जाते त्याच खोऱ्यात, पार्थपूरच्या ज्ञानराजाने 1503 च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. गोदाकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या कमलाकराने पुढे काशीत 1658 साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ सिद्ध केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात ही परंपरा मराठीत उभी केली. तिचा अभिमान बाळगण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिची मोजण्याची सवय उचलणे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे : आज संगणकावर खरे शोध लागत असताना काठ्या कशाला रोवायच्या? 2006 साली सुरू झालेली ‘इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’ ही संस्था हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे शाळांना पुरवते आणि मुले त्यांत सरकणारे ठिपके शोधतात. हे काम जरूर करावे. परंतु लघुग्रहाची कक्षा निश्चित व्हायला पुढची अनेक निरीक्षणे आणि वर्षे लागतात, हे न समजता मिळालेले प्रमाणपत्र पोकळ राहते. सावलीतली चूक मोजलेल्या मुलीला प्राथमिक नोंद आणि सिद्ध शोध यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. तिसरी शंका ढगांची. वळवाच्या ढगांनी नेमका दिवस हुकला तरी बिघडत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मध्यान्हीचा कोन मोजून, सूर्य उत्तरेला की दक्षिणेला हे ध्यानात घेतले, की फरक तोच येतो.

अवर्षणाच्या मुलखात खगोलशास्त्र ही चैन आहे, असेही कुणी म्हणेल. पण विहिरीची पाणीपातळी, शिवारातला पाऊस, धरणातला साठा या मराठवाड्याच्या जगण्याच्या गोष्टी मोजमापावरच उभ्या आहेत, आणि आकड्याला त्यातल्या चुकीसकट वाचणारी पिढी इथे सर्वांत आधी हवी. म्हणून शहागडसारख्या गावातल्या शाळांनी मे महिन्यात आठ दिवसांचे शिबिर घ्यावे, राजस्थानातली एक शाळा जोडीदार करावी, दुपारी सावली मोजावी, संध्याकाळी गणित करावे, रात्री आकाश पाहावे आणि शेवटी चुकीच्या हिशेबासह एक पानी अहवाल लिहावा. तो जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातली चूक निम्मी करण्याचा प्रयत्न करावा. दहा वर्षे हे चालले तर त्या शाळेकडे स्वतःची एक संशोधन परंपरा असेल.