विश्लेषण : ग्रंथालयातील संगणकाचे ‘आयपॉड’शी का जुळले नाही?

ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या गाण्यांच्या आठवणी निघाल्या. मात्र अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत या खिशातल्या यंत्राने काही वर्षे चांगलाच पेच उभा केला होता. ग्रंथालयात संगणक होते, ऐकायची पुस्तके होती, वाचकाच्या हातात प्लेअरही होता. तरीही पुस्तक प्लेअरमध्ये जाईना.

अडचण कुठे होती?

आयपॉड २००१ मध्ये आला आणि ऑक्टोबर २००३ पासून विंडोजवरही आयट्यून्स मिळू लागले. आयपॉड पेनड्राइव्हसारखा नव्हता. त्यात फाइल नुसती टाकून ती वाजत नसे, ती आयट्यून्समधूनच चढवावी लागे. आणि आयट्यून्सचे गृहीतक असे, की प्रत्येक प्लेअरचा एक घरचा संगणक असतो. दुसऱ्या संगणकाला जोडताच, ‘आतले सगळे पुसून इथले भरू का?’ अशा अर्थाचा प्रश्न पडद्यावर येई. घाईत ‘हो’ म्हटले, की जमवलेली गाणी गेली. विकत घेतलेल्या गाण्यांसाठी एका खात्याला पाचच संगणकांची मुभा होती. ग्रंथालयात अशी नोंद करणे म्हणजे पाचांतली एक जागा अनोळखी यंत्राला देऊन टाकणे.

ग्रंथालयाच्या संगणकाला मात्र घर नसते. एक वाचक उठला, की दुसरा बसतो. पहिल्याच्या खुणा राहू नयेत म्हणून ‘डीप फ्रीझ’सारखी सॉफ्टवेअर वापरली जातात. संगणक पुन्हा सुरू केला, की तो मूळ स्थितीत येतो. वाचकाच्या खासगीपणासाठी हे उत्तमच. पण नव्या आयपॉडसाठी आयट्यून्सची नवी आवृत्ती लागे, ती बसवण्याचा अधिकार वाचकाकडे नसे आणि कशीबशी बसवलीच, तरी संगणक पुन्हा सुरू होताच ती नाहीशी होई.

ध्वनिपुस्तकांचे काय?

खरा मनस्ताप इथे होता. ओव्हरड्राइव्ह ही कंपनी ग्रंथालयांना डिजिटल पुस्तके पुरवते. क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००३ मध्ये ही सेवा सुरू केली. पुढे आलेली ध्वनिपुस्तके मायक्रोसॉफ्टच्या कुलूपबंद फाइलींत असत. पुस्तक उघडण्याचा परवाना त्या-त्या संगणकात उतरे, म्हणजे रोज स्वतःला पुसणाऱ्या संगणकात त्याचा टिकाव लागणे कठीण. शिवाय ॲपल आपल्या कुलपाची किल्ली कोणाला देत नव्हते आणि मायक्रोसॉफ्टचे कुलूप आयपॉडला उघडता येत नव्हते. सर्वाधिक खपणाऱ्या प्लेअरवर ग्रंथालयाचे पुस्तक वाजत नाही, असा हा प्रकार. २००८ मध्ये ओव्हरड्राइव्हने कुलूप नसलेली एमपी३ पुस्तकेही देऊ केली, तेव्हा कोंडी थोडी फुटली.

ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांना यातले बरेच काही जाणवलेही नाही. अडले ते ग्रंथालयाच्या संगणकावरच विसंबून असलेल्यांचे.

ग्रंथालयांनी यूएसबीच का बंद ठेवले नाही?

काहींना तो मोह होण्यासारखी परिस्थिती होती. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉनफिकर’ या किड्याचे काही प्रकार यूएसबीतूनही फैलावत. पण पोर्ट बंद केले, तर नोकरीचा अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन आलेल्या माणसालाही परत पाठवावे लागते. त्यामुळे पोर्ट उघडे ठेवून आपोआप सुरू होणारे प्रोग्राम रोखणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होता. आयपॉडसाठी एखादाच संगणक वेगळा ठेवायचा, त्यावर आयट्यून्स अद्ययावत ठेवायचे आणि गाणी आपोआप न जुळवता हाताने चढवण्याची सोय वाचकाला दाखवायची, हेही शक्य होते.

न्यूयॉर्क राज्यातील साउथ हंटिंग्टन ग्रंथालयाने २००५ मध्ये उलटा विचार केला. पुस्तक भरलेले आयपॉड शफल त्यांनी थेट वाचकांनाच घरी दिले. वाचकाच्या संगणकाचा प्रश्नच उरला नाही. (आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर गाणी ‘भरून’ मिळत. कायद्याचा भाग सोडला, तर सोय तीच होती. कार्ड कोणाचे, हे संगणक विचारत नसे.)

आज हा प्रश्न संपला का?

स्मार्टफोनवाल्यांसाठी बहुतांशी संपला. २०१७ मध्ये आलेल्या लिबी ॲपमधून पुस्तक थेट फोनवर उतरते, मधला संगणक लागत नाही. मात्र दृष्टिहीन वाचकांना ‘बोलकी पुस्तके’ पुरवणारी अमेरिकेची राष्ट्रीय सेवा २००९ पासून खास प्लेअर देते. तो कार्ट्रिजवर चालतो, पेनड्राइव्हही घेतो. संकेतस्थळावरून उतरवलेले पुस्तक त्यात चढवायला कुठला तरी संगणक लागतोच. तो नसलेल्यांसाठी या सेवेशी जोडलेली ग्रंथालये मागणीनुसार कार्ट्रिज भरून टपालाने घरी पाठवतात आणि त्यासाठी वाचकाला टपालखर्च द्यावा लागत नाही.