सोन्याचा कण आणि कर्करोगाचा इलाज

आमच्या ओळखीच्या एका जरी कारागिराला गेल्या वर्षी कर्करोग निघाला. इस्पितळातील इलाज अर्धवट सोडून त्याने एका विक्रेत्याकडून 'नॅनो सोन्या'च्या बाटल्या घेतल्या. पैशासाठी घरातील तयार माल निम्म्या भावात काढला. तो माल आम्हीच घेतला, का विकतोस हे न विचारता. म्हणून या वेळी कापडाचे भाव बाजूला ठेवले आहेत.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचे कण इतके बारीक झाले की पिवळे राहत नाहीत, लाल-जांभळे दिसू लागतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली असे माणकासारखे लाल पाणी करून दाखवले होते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी कर्करोगासाठी जो कण वापरला, तो आपल्या वाचकांना जरीवरून चटकन समजेल. अस्सल जरीत आत रेशमाचा धागा, त्यावर चांदीची चपटी तार आणि वरून सोन्याचा मुलामा. या कणात आत काचेच्याच जातीची सिलिका आणि वर सोन्याचे पातळ कवच. सारा मिळून साधारण १५० नॅनोमीटर. गाभा केवढा आणि मुलामा किती जाड, यावर कण कोणता प्रकाश शोषणार हे ठरते. येथे माप असे बसवले आहे की डोळ्यांना न दिसणारा, पण मांसात काही अंतर शिरणारा अवरक्त प्रकाश शोषून कण तापावा.

कण शिरेतून रक्तात सोडतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत विणलेल्या विरळ कापडासारख्या असतात, त्यांच्या फटींतून काही कण गाठीत उतरतात. (बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात, हा उणेपणा आहेच.) मग बारीक तंतूने लेसरचा प्रकाश आत पोचवतात. कण तापतात, गाठ भाजून मरते, शेजारचा निरोगी भाग बराचसा वाचतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर केलेल्या अशा चाचणीचा अहवाल २०१९ साली आला. रुग्ण अवघे १६, तेही रोग ग्रंथीबाहेर न पसरलेले. त्यांपैकी १५ जणांवर उपचार नीट पार पडला.

त्याच वर्षी युरोपात हाफ्नियम धातूच्या ऑक्साइडचे कण मऊ ऊतींच्या एका कर्करोगासाठी मंजूर झाले. ते सुईने गाठीत घालतात आणि वरून किरणोपचार देतात.

म्हणजे यात सोने हे औषध नव्हे. काम करते ती उष्णता, आणि लेसर नसेल तर कण नुसता पडून राहतो. बाटली विकणाऱ्याला एवढेच विचारावे, लेसर कोठे आहे?

धातूचे खरे औषध जुनेच आहे. प्लॅटिनमपासून केलेल्या सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८ साली मंजुरी मिळाली. ते सलाईनमधून देतात. आमच्या कारागिराने जो इलाज अर्धवट सोडला, त्यात हेच होते. आता तो पुन्हा इस्पितळात जाऊ लागला आहे. त्याचा माल आमच्या दुकानात तसाच बांधून ठेवला आहे. घेतल्या भावात परत ने, असे त्याला सांगितले आहे.