मुनीम गादीवरच बसावा

धानाच्या हंगामात तुमसरच्या बाजारात गेलात, तर अडतीच्या दुकानात गादीवर बसलेला मुनीम तुम्हांला दिसेल. कुणी विचारतो, "माझे कट्टे मोजले का जी?" मुनीम मान वर करून उत्तर देतो आणि पुन्हा वहीत लिहू लागतो. आता समजा, हाच मुनीम स्वतः गोदामात कट्टे मोजायला गेला. गादी रिकामी, आणि माणसे हाका मारीत उभी! दुकान काही बंद पडलेले नाही. पण ऐकायला कुणी नाही, एवढेच.

मोबाईलवरचे पान 'अडकते', तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते.

मागल्या वर्षी एका शेतकरी मित्राचा ऑनलाईन अर्ज मी भरून देत होतो. अर्धा तास लिहिले, शेवटी सातबाऱ्याचा फोटो जोडला, आणि पान गोठले. "सर, मोबाईल मेला का जी?" तो म्हणाला. मी बटण दोनतीनदा दाबले आणि कंटाळून पान बंद केले. लिहिलेले सारे गेले. मोबाईल मेला नव्हता. पान फोटो लहान करण्यात गुंतले होते.

ब्राउझरमधले पान जावास्क्रिप्ट या भाषेने हालते. ही भाषा १९९५ सालची. तिचे काम साधारणतः एकाच धाग्यावर चालते. त्याला मेन थ्रेड म्हणतात. बोटाचा स्पर्श ऐकणे, अक्षर उमटवणे, हिशेब करणे, सारे त्याच्याच गळ्यात. पुष्कळ पडदे सेकंदाला ६० वेळा नवे होतात. म्हणजे एका वेळेला अवघे १६ मिलिसेकंद मिळतात. उलट, १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येकाला ४ बाईट धरले, तरी सुमारे ४८ मेगाबाईटचा ढीग झाला. तो एकेक ठिपका मुनिमानेच उचलायचा म्हटल्यावर गादी रिकामी राहणारच. बरे, त्या वेळात दाबलेली बटणे बहुधा वाया जात नाहीत. ती रांगेत उभी राहतात आणि मुनीम परतला की एकामागून एक पुढे येतात. एकच अर्ज कधीकधी दोनदा जातो, तो यामुळेही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वाट पाहणे वेगळे, राबणे वेगळे. दूरच्या यंत्राकडून उत्तर यायचे असेल, तर मुनीम ट्रकची वाट पाहत गादीवर बसून इतरांशी बोलू शकतो. ती सोय ब्राउझरमध्ये आधीच आलेली होती. अडचण येते ती राबण्याची.

तिच्यावर उपाय निघाला तो वेब वर्करचा. २००९ साली फायरफॉक्स ३.५ मध्ये तो आला, आणि आज सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. वर्कर म्हणजे गोदामातला मापारी. मुनीम चिठ्ठी पाठवतो, मापारी मोजतो आणि चिठ्ठीनेच उत्तर धाडतो. मात्र खातेवहीला मापाऱ्याने हात लावायचा नाही. पडद्यावरचे पान मुख्य धाग्यानेच बदलायचे. नाही तर दोघे एकाच ओळीवर लिहितील आणि हिशेब बिघडेल. चिठ्ठीबरोबर जाणाऱ्या मजकुराची सहसा नक्कल जाते. ढीग मोठा असेल, तर नक्कल न करता मूळ ढीगच हवाली करता येतो. पण मग तो मुनिमाजवळ उरत नाही.

यामुळे काम लवकर होते असे नव्हे. कट्टे तेवढेच, मोजायला वेळही जवळजवळ तेवढाच. फरक इतकाच, की "मोजणी चालू आहे, थोडे थांबा" असे सांगायला गादीवर माणूस राहतो. आणि "राहू द्या" म्हटले, तर काम थांबवताही येते. चार आकड्यांच्या बेरजेला मात्र मापारी नको. त्याला कामावर बोलावण्यातच जास्त वेळ जायचा.

शिक्षकबंधूंनी वर्गात हा खेळ करून पाहावा. एका मुलाला प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगून त्यालाच पाचशे चिंचोके मोजायला द्यावेत. मग मोजणी दुसऱ्याकडे सोपवावी. फरक मुलांना आपोआप कळेल. आणि त्यांपैकी कुणी पुढे अशी पाने लिहू लागला, तर त्याला सांगावे, की बाबा रे, तुझे पान महागड्या यंत्रावर तपासू नकोस, गावातल्या साध्या मोबाईलवर तपास. तिथे एकेक काम कितीतरी पट रेंगाळते, आणि गेलेला अर्ज पुन्हा भरायला माणसाला मजुरी बुडवून यावे लागते.