झोम्बी आले तर? सुरतेला विचारा!

परवा तास संपता संपता मुलांनी झोम्बींचा विषय काढला. कुठल्याशा परदेशी मालिकेत मेलेली माणसे उठतात, जिवंतांना चावतात आणि चावलेला माणूस पुढच्याला चावायला धावतो. ‘‘सर, आपल्या बेळगावात असं झालं तर?’’ एकाने सुचवले, राजहंसगडावर जायचे आणि दरवाजा लावून घ्यायचा. एका मुलीने सुचवले, आधी औषधाचे दुकान गाठायचे. बाकीचे हसले. मला मात्र हसू येईना. कारण दरवाजे लावून घेणारी आणि औषधाच्या दुकानांवर तुटून पडणारी माणसे आमच्या पिढीने खरोखर पाहिली आहेत. ते साल १९९४, आणि गाव सुरत.

त्या पावसाळ्यात सुरतेत पाणी भरले होते. गटारे तुंबलेली, कचरा कुजलेला, मेलेली जनावरे पडून राहिलेली. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी ऑगस्टअखेरीस आलीच होती. गणपती पाण्यात गेले आणि दोन-तीन दिवसांतच सुरतेच्या वेड रोड भागातून ताप, खोकला आणि थुंकीतून रक्त अशी माणसे दवाखान्यात येऊ लागली. २१ सप्टेंबरला ‘फुफ्फुसाचा प्लेग’ हा शब्द बाहेर फुटला. कुणी म्हणाले, पाण्यात विष कालवले आहे. दोन दिवसांत तीन लाखांहून अधिक माणसांनी शहर सोडले. तोंडाला रुमाल, हातात पिशवी, आणि मिळेल ती गाडी! टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्याला कुलूप लावून गाव सोडले. सिव्हिल हॉस्पिटलातले डॉक्टर, नर्स आणि सफाई कामगार मात्र जागेवर राहिले. त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

सुरत म्हणजे अर्धे खानदेशच. उधना, लिंबायत भागात धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या लूमवर राबतात. तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. त्यामुळे त्या सप्टेंबरात ताप्ती लाइनची प्रत्येक गाडी मराठी भीतीने भरलेली होती म्हटले तरी चालेल.

त्या पळणाऱ्यांत माझे धाकटे मामाही होते. इकडचे हातमाग बसू लागले तेव्हा ते उधन्याला पॉवरलूमवर गेले होते. मुंबईमार्गे मिरजेपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने ते गावी पोचले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. वेशीजवळ आठ-दहा माणसे उभी, त्यांत मामांचे लहानपणचे दोस्तही. ‘‘इथंच थांब. गावात येऊ नको.’’ एकाच्या हातात दगड होता. मी तेव्हा शाळकरी पोर, आज्जीच्या पदराआड उभा. तो दगड मला अजून दिसतो.

आज्जीचे माहेर गोकाककडचे. फार घाबरली की ती कन्नडात शिरायची. तिच्या सासूने प्लेगच्या सालातल्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या. घरात उंदीर पडले, ‘इलि बिद्दाव’ असे कुणी ओरडले, की लोक भांडीकुंडी घेऊन मळ्यात झोपडी बांधून राहायचे. आज्जी पुढे झाली आणि गावकऱ्यांना म्हणाली, ‘‘मळ्यातल्या खोपीत राहू दे आठ दिवस. पण ताट मीच नेणार.’’ ती रोज बांधावर ताट ठेवायची, दहा पावले मागे सरायची आणि विचारायची, ‘‘ऊट आयतेनो?’’ मामा लांबून मान हलवायचे. त्यांना ताप आला नाही. नवव्या दिवशी ते घरी आले.

आता वाटते, आज्जीला जे कळले होते तेच पुस्तकातही आहे. हा प्लेग खोकल्याच्या थेंबांतून, जवळच्या माणसाला होतो. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात. लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांत योग्य औषध सुरू झाले तर माणूस वाचतो; औषधच मिळाले नाही तर जवळजवळ नक्की जातो. म्हणजे सर्वांत वाईट उपाय कोणता? गच्च भरलेल्या डब्यात बसून डॉक्टरपासून दूर पळणे! आणि हजारो माणसांनी नेमके तेच केले. तरीही साथ देशभर पेटली नाही, हे नशीब. देशातले एकूण मृत्यू साठीच्या आतच राहिले. भीतीने मात्र विमाने थांबवली, निर्यात अडवली आणि कितीतरी गावांत वेशीवर दगड उचलायला लावले.

आमच्या भागाला हे नवे नव्हते. १८९७च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी हुबळीत हजारो माणसांनी ती घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. मुलांना मी हे सांगितले तेव्हा वर्ग जरा गप्प झाला. मालिकेत असे पात्र नसते बहुधा.

सुरतेची पुढची गोष्ट मुलांना अधिक आवडली. मे १९९५मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोलीतून उठवून त्यांनी रोज सकाळी गल्लीत उभे केले, झोन पाडून जागच्या जागी निर्णय घ्यायचे अधिकार वाटले, कचरा वेळेवर उचलायला लावला. १९९६मध्ये तेच शहर चंदीगडच्या पाठोपाठ देशात दुसरे स्वच्छ ठरले. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर पहिले. झोम्बींवर झाडूचा उपाय कुणा पटकथाकाराला सुचलेला नाही!

२०२०च्या एप्रिलमध्ये मात्र सुरतेचे मजूर पुन्हा रस्त्यावर उतरले, घरी जाऊ द्या म्हणून. टीव्हीवर ते पाहताना मामा काही बोलले नाहीत. आता त्यांची साठी उलटली. १९९४ची दिवाळी झाल्यावर ते परत उधन्याला गेले होते, आणखी अकरा वर्षे लूम चालवली. ज्याच्या हातात दगड होता त्याच्या मुलालाही त्यांनीच तिकडे कामाला लावले. का, असे मी एकदा विचारले. ‘‘त्याच्या घरात पण म्हातारी होती रे,’’ म्हणाले आणि चहा मागवला.