मराठवाड्यात तारा आधी ट्रकवर आला

तीन टोकांचा तो चांदीसारखा तारा मराठवाड्यात पहिल्यांदा कधी आला, असं कुणालाही विचारा. बहुतेक जण सांगतील, औरंगाबादला त्या दीडशे गाड्या आल्या तेव्हा. २०१० चा ऑक्टोबर होता. आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी गट केला आणि मोंढ्यातून ज्वारीची पोती उचलावीत तशा १५० मर्सिडीज-बेंझ एकदम उचलल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा, त्यातले ४४ कोटींहून जास्त स्टेट बँकेचं कर्ज, व्याज ७ टक्के. देशभर बातमी झाली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला कर्ज याहून कितीतरी महाग का पडतं, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच विचारलं, आणि विचारलं ते बरं केलं.

पण ‘पहिल्यांदा’चं हे उत्तर चूक आहे. तारा आपल्या रस्त्यांवर त्याआधी चाळीस-पन्नास वर्षं येऊन गेला होता. तो आला होता मालट्रकच्या नाकावर बसून!

श्रीमंतांची गाडी बनवणारी कंपनी आपल्याकडे ट्रक घेऊन का आली? कारण मुळात ती ऐषआरामाची कंपनी नव्हतीच. तिच्या मुळाशी आहे एक खटपट्या माणूस आणि एक छोटंसं इंजिन.

माणसाचं नाव कार्ल बेंझ, गाव मानहाइम. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यानं ‘गॅस इंजिनवर चालणाऱ्या वाहना’चं पेटंट मागितलं. तीन चाकं, एक सिलिंडर, ताकद अश्वशक्तीच्या पाऊण पट. पाऊण! तुमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर एकटी अशा सहा-सात गाड्या ओढेल. जगातल्या सगळ्या मोटारींची खापरपणजी म्हणतात ती ही.

गाडी झाली, पण घेणार कोण? घोडा नाही, बैल नाही, मध्येच बंद पडली तर तिला चाबूक तरी कुठं मारायचा? बेंझ स्वभावानं बुजरा, गाडीत सतत काहीतरी सुधारत बसलेला. मग सूत्रं हाती घेतली त्याच्या बायकोनं. बर्था बेंझनं लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे त्याच्या कारखान्यात घातले होते, म्हणजे गाडी निम्मी तिचीच म्हणायची. ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे तिनं नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेतलं आणि माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे बीडहून अंबाजोगाई गाठून थोडं पुढं. तोवर एवढ्या लांब मोटार कुणीच नेली नव्हती.

पेट्रोल पंप? तो शब्दही जन्मायचा होता. वीसलोख नावाच्या गावात ती औषधाच्या दुकानात शिरली आणि कपड्यांचे डाग काढायचं लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं. गाडी त्याच्यावर चालायची. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही मिरवतं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीची पिन घालून ती मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंजिनातलं पाणी उकळून उडून जायचं, त्यामुळं वाटेत जिथं मिळेल तिथं पाणी भरायचं. चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तशी ती चांभाराकडं गेली आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. गॅरेजमध्ये आपण ‘लायनर बदलायचेत’ म्हणतो ना, त्या लायनरचा जन्म असा एका चांभाराच्या हातून झाला. संध्याकाळी पोहोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली. चढावर गाडी दमते हे तिनंच घरी सांगितलं आणि बेंझनं गिअर वाढवला. मला विचाराल तर या कंपनीतला सगळ्यात मोठा इंजिनिअर पदवी नसलेली ही बाईच होती.

गंमत अशी की त्याच काळात तिथून शंभरेक किलोमीटरवर, श्टुटगार्टजवळच्या कान्श्टाट गावी गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघं बागेतल्या एका काचघरात याच उद्योगात गढले होते. दार बंद करून रात्रंदिवस ठोकाठोक चाललेली पाहून ही मंडळी खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला, त्यानं पोलिसांना कळवलं. पोलीस आले आणि त्यांना सापडलं ते इंजिन! पुढं डाइम्लरच्या मुलांना वडिलांचं एक जुनं पोस्टकार्ड आठवलं. बायकोला राहतं घर दाखवताना वडिलांनी त्यावर एक तारा काढला होता. त्यातूनच १९०९ साली तीन टोकांचा तारा नोंदवला गेला. जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हींकडे आपलं इंजिन चालेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे चिन्हातसुद्धा गाडी नाही, इंजिनच आहे.

मग मर्सिडीज कोण? ती दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिचे वडील एमिल येलिनेक हे दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरात राहणारे, वेगाचं वेड असलेले धनाढ्य व्यापारी. १९०० साली त्यांनी डाइम्लर कंपनीला एकदम ३६ गाड्यांची मागणी दिली, किंमत साडेपाच लाख मार्क. अटी त्यांच्या: गाडी लांब हवी, बुटकी हवी, इंजिन जास्त ताकदीचं हवं आणि नाव माझ्या लेकीचं हवं. औरंगाबादच्या दीडशे गाड्यांना लोक मराठवाड्याचा आगाऊपणा म्हणाले. अहो, या गाडीचं नावच मुळी एका घाऊक गिऱ्हाइकानं ठेवलेलं आहे!

त्या मागणीतून मायबाखनं जी गाडी घडवली ती पाहून युरोप थक्क झाला. तोवरच्या मोटारी म्हणजे घोडा सोडून टाकलेल्या बग्ग्या, उंच आणि वळणावर डोलणाऱ्या. ही जमिनीलगत, लांब, ३५ अश्वशक्तीची. पुढं उभी जाळी, आणि त्या जाळीत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या. बर्थाला गावोगाव थांबून पाणी घालावं लागलं होतं, ते आठवतंय? या नळ्यांमधून वारा शिरला की पाणी इतकं भराभर निवायचं की अवघ्या ९ लिटर पाण्यावर त्या दांडग्या इंजिनाचं भागायचं. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिनं सगळ्यांना मागं टाकलं. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइम्लर या कंपन्या एक झाल्या. कार्ल बेंझ आणि डाइम्लर यांची मात्र कधी भेट झाल्याची नोंद नाही.

आता ट्रककडं वळू, कारण खरी जादू तिथं आहे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. मग डिझेल पेटतं कसं? सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम लागतो, तो अनुभव आठवा. दाबली की हवा तापते. डिझेल इंजिन हेच करतं, पण राक्षसी जोरानं: सिलिंडरभर हवा सुमारे विसाव्या हिश्श्यात कोंबतं. हवा ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या क्षणी आत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप भडकतं. काडी नाही, ठिणगी नाही. नुसती दाबलेली हवा!

रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं, पण ते माणसापेक्षा उंच आणि कित्येक टन वजनाचं धूड होतं. एवढ्या दाबात इंधन आत ढकलायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. गाडीवर तो बसवणार कुठं? १९०९ मध्ये बेंझच्या कारखान्यातल्या प्रॉस्पर लोरांज याला युक्ती सुचली. सिलिंडरच्या डोक्यात एक लहानशी खोली करायची आणि फवारा तिच्यात सोडायचा. तिथं थोडं इंधन पेटतं आणि त्याच धक्क्यानं उरलेलं जळतं इंधन भोकांतून मोठ्या सिलिंडरमध्ये घुसतं, हवेत छान मिसळतं. कॉम्प्रेसरची गरज संपली. १९२३ मध्ये बेंझचा डिझेल ट्रक तयार झाला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेलवरची मोटार.

या साऱ्या प्रकाराचा पुरावा तुम्हाला कुठल्याही गावच्या पंप-नोजलच्या गॅरेजात मिळेल. टाकी रिकामी होऊन डिझेल गाडी बंद पडली, तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही. मिस्त्री येतो, नट सैल करतो, ‘हवा काढतो’. का? कारण द्रव दाबला तरी आकसत नाही, हवा आकसते. नळीत बुडबुडा अडकला की पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो, नोजलपर्यंत पोहोचतच नाही. विशीतल्या त्या मिस्त्रीच्या बोटांत लोरांजच्या काळापासूनचं भौतिकशास्त्र असतं, आणि तो त्याचे शे-दोनशे रुपये घेतो.

हेच इंजिन १९५४ साली भारतात आलं. जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवणाऱ्या टाटांच्या टेल्को कंपनीनं डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बाहेर पडू लागले. लांब नाक, गोल दिवे, जाळीवर तारा. नव्या देशाचं धान्य, सिमेंट, कापूस या ट्रकांनी वाहिला. बीडसारख्या जिल्ह्याला तर त्यांचं मोल अधिक. परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात पहिली प्रवासी गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. तोवर शहरात येणारी-जाणारी प्रत्येक जड वस्तू रस्त्यानंच आली-गेली. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला, त्या जागी इंग्रजी टी बसला. ट्रक बनवण्याची विद्या मात्र इथंच राहिली.

मग पुढं १९९४ मध्ये डाइम्लर-बेंझ परत आली, पुन्हा टेल्कोलाच सोबत घेऊन. पिंपरीत १९९५ पासून ई-क्लास मोटारी जुळू लागल्या आणि २००९ मध्ये चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना उभा राहिला.

एवढे पैसे देऊन माणूस या मोटारीत नेमकं काय विकत घेतो? चामडं, लाकूड, मिरवणूक, हो, तेही. पण तिची सगळ्यात महागडी कल्पना डोळ्यांना दिसतच नाही. बेला बरेनी नावाचा इंजिनिअर १९३९ मध्ये कंपनीत आला. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, अशी तोवर सगळ्यांची ठाम समजूत. बरेनी म्हणाला, उलट! माणसं बसतात तो मधला भाग टणक करा, पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपेल असा करा. आकडे बघा. ताशी ५० किलोमीटरनं धावणारी गाडी भिंतीवर आदळून ५ सेंटिमीटरांत थांबली, तर अंगावर आपल्याच वजनाच्या सुमारे २०० पट जोर येतो. तीच गाडी अर्धा मीटर चेपत थांबली, तर सुमारे २० पट. एवढ्यात माणूस वाचू शकतो. १९५१ मध्ये त्यानं पेटंट मागितलं, १९५९ मध्ये अशी पहिली मोटार बाजारात आली. आज गावातल्या साध्या मोटारीचंही नाक याच तत्त्वावर चेपतं, आणि अपघातानंतर ‘पत्रा किती पातळ!’ म्हणून आपण कंपनीला शिव्या घालतो. तो पत्रा आपलं काम करून गेलेला असतो.

याच तत्त्वाचा एक अर्थ मला बोचतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात: कोयते, भांडी, शेळ्या, लेकरं, सगळं एका ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या उघड्या हौद्यात. ताऱ्याच्या कंपनीनं एका माणसाभोवती जो विचार केला, तो या हौद्यातल्या वीस-तीस माणसांभोवती कुणीच केला नाही. इंजिन आलं, नाक चेपण्याची अक्कल मोटारीतच राहिली. बैठक, पट्टा आणि छप्पर असलेल्या बसमधून या माणसांना कारखान्यापर्यंत नेणं हे काही बरेनीइतकं अवघड काम नाही. मुकादम, कारखाने आणि सरकार यांनी ठरवलं तर पुढच्या हंगामातही जमेल.

आणि तुमच्यासाठी एक विनंती. तुमच्या आजोबा-पणजोबांनी पन्नास-साठच्या दशकात ट्रक चालवला असेल, तर घरातला जुना फोटो शोधा, वाड्याच्या कोपऱ्यातली अडगळ उपसून बघा. तारा असलेली जाळी सापडली, तर भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका. औरंगाबादच्या दीडशे गाड्यांहून ती जुनी आहे.