एक ऑगस्ट : एका दिवसाच्या तीन नोंदी

कोणतीही तारीख मुळात कोरीच असते. तिच्यावर काय नोंदले जाते आणि ती नोंद केव्हा होते, यावरून तिचे महत्त्व ठरते. १ ऑगस्ट १९२० हा रविवार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या एका दिवसाच्या नावावर आज तीन नोंदी आहेत. त्यांपैकी दोन तत्काळ झाल्या, तिसरीला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली.

त्या दिवशी मध्यरात्र उलटून थोडा वेळ होतो न होतो तोच मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. वयाची ६४ वर्षे नुकतीच पुरी झाली होती. राजकारण सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढणाऱ्या या पुढाऱ्याला लोक 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणत. १९१६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. त्यांच्या अंत्ययात्रेला अफाट जनसमुदाय लोटला आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्याच दिवशी महात्मा गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून 'कैसर-ए-हिंद' हे सुवर्णपदक परत केले आणि असहकारास आरंभ झाला. खिलाफतीचा प्रश्न व पंजाबातील अत्याचार ही त्यामागची कारणे होती. दिवस आधीच मुक्रर झालेला होता. लोकमान्यांच्या निधनाशी त्या निवडीचा काही संबंध नव्हता. तरीही एका युगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच सूर्याने पाहिला, ही गोष्ट लोकमानसात कायमची ठसली. पुढे कलकत्ता व नागपूर येथील अधिवेशनांत काँग्रेसने असहकार स्वीकारला, आणि १९२१ मध्ये टिळकांच्याच नावाने उभारलेल्या स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमले.

आता तिसरी नोंद. तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे, मांगवाड्यातील एका गरीब घरात, त्याच दिवशी एक मूल जन्मले. त्याचे नाव तुकाराम भाऊराव साठे. या जन्माची वार्ता छापावी असे कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. शाळा त्याच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. मुलगा घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आला, गिरणीत राबला, कामगारवस्तीत अक्षरे गिरवून लिहू लागला आणि अण्णा भाऊ साठे या नावाने शाहीर व कादंबरीकार झाला. १९४४ मध्ये अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छकडीने मुंबईची, तशीच बेळगाव-कारवारची ताटातूट घरोघर पोहोचविली. १९५९ मध्ये आलेल्या 'फकिरा' या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार लाभला. म्हणजे त्या दिवसाची ही तिसरी नोंद ठळक व्हावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

या योगायोगात नियतीचा हात शोधण्याचे कारण नाही. लोकमान्य गेले म्हणून अण्णा भाऊ जन्मले नाहीत. परंतु तिन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. टिळकांनी स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानला. गांधींनी तो मिळविण्यासाठी सरकारशी सहकार्य तोडले. मात्र गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला त्या स्वराज्यातले किती येणार, याचा हिशेब अण्णा भाऊंच्या लेखणीने मागितला. पहिल्या दोघांचे कार्य तिसऱ्याच्या प्रश्नावाचून अपुरे राहते.

महाराष्ट्रात आज १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकाच दिवशी साजरी होते. अनेक शाळा-कचेऱ्यांतून दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी मांडून त्यांना हार घालतात. त्या क्षणी एवढे ध्यानात असावे की, यांतील एका नोंदीसाठी सारी मुंबई रस्त्यावर आली होती, आणि दुसरी नोंद त्या मुलाला मोठे होऊन स्वतःच्या हाताने करावी लागली.