तुर्की वाइन आणि आपली द्राक्षं

वाण : डोंबिवलीच्या बाजारात दिसणारी ‘थॉमसन सीडलेस’ आणि तुर्कस्तानातली ‘सुलतानिये’ ही द्राक्षं एकाच वाणाची. सांगलीकडे या वाणाचे बेदाणे होतात. तुर्कस्तानात बेदाण्यांबरोबर पांढरी वाइनही.

लाल वाइन : पूर्व अनातोलियातल्या ‘ओक्यूझगोझू’ द्राक्षांची वाइन मवाळ, ‘बोआझकेरे’ची तुरट, दोन्हींचं मिश्रण प्रसिद्ध. अंकाराजवळची ‘कालेजिक कारासी’ हलकी.

हंगाम : तिकडे काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. नाशिकला पावसाळ्यानंतर छाटणी होते, घड थंडीत भरतात आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

जवळची वायनरी : कल्याणहून कसारा घाट चढला की नाशिक. तिथल्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन २००० साली आली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं.